एका पायलीचे सात लेखक

रेणुकादास कंधारकरांना लेखक व्हायचं होतं, आणि तेही दिवाळीच्या आत. लिहायची हौस होती म्हणाल तर अजिबात नाही. निजामाच्या राज्यात, नांदेडच्या सरकारी शाळेत ते गणित शिकवत आणि महिन्यातून एकदा सासऱ्यांना खुशालीचं कार्ड टाकत, एवढंच त्यांचं वाङ्मय. पण दिवाळीला लातूरला सासुरवाडीला जाणं भाग होतं, आणि सासुरवाडीला मार्तंडराव होते.

मार्तंडराव म्हणजे अदालतीतले निवृत्त पेशकार. ओसरीवर चार पाहुणे जमले की त्यांना जावयांची ओळख करून द्यायची भारी हौस. "हे आमचे थोरले जावई, वसंतराव. वकील आहेत. हे उभे राहिले की मुन्सफसाहेब पान थुंकून ऐकायला बसतात." एवढं झालं की हात धाकट्या जावयाकडे वळायचा. "आणि हे धाकटे. नांदेडला असतात." संपलं! नांदेडला गोदावरीतले मासेही असतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्याला शेपूट काही फुटलं नाही, आणि दर दिवाळीला ते ऐकताना रेणुकादासांच्या घशात करंजी अडकायची. 'हे धाकटे, लेखक आहेत,' एवढं एकदा मार्तंडरावांच्या तोंडून ऐकायचं, मग मेलो तरी चालेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

विषय घरातच सापडला. त्यांच्या पत्नीनं, प्रेमलाबाईंनी, माहेराहून दहा पायल्या म्हणून आणलेली ज्वारी नांदेडच्या पायलीनं मोजली, तर अकरा भरली.

"तुमच्या नांदेडची पायलीच लबाड," प्रेमलाबाई म्हणाल्या.

दुसरा नवरा असता तर भांडला असता. हे संशोधन करायला निघाले. गावोगावच्या पायलीत नेमका किती फरक आहे, ते मोजून लिहायचं आणि पुण्याच्या एका विद्वान त्रैमासिकाला पाठवायचं. पद्धत सोपी होती. पायली शिगोशीग भरायची, म्हणजे वर ढीग चढून दाणे घरंगळायला लागेपर्यंत, कारण बाजारात धान्य तसंच देतात. मग तेच धान्य शाळेतल्या पितळी शेरानं मोजायचं. दर सुट्टीच्या दिवशी मास्तर शेर पिशवीत घालून निघत. विष्णुपुरीला लोकांना वाटलं, सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणारा माणूस आला. मास्तर गावात शिरले आणि अख्ख्या गावातल्या पायल्या नाहीशा झाल्या. एक म्हातारी तर पायलीवर बसली आणि उठेचना. शिरूर अनंतपाळला उलटं झालं. तिथं लोकांनी त्यांना चहा पाजला, जेवू घातलं, मुलांचे पाढे तपासून घेतले आणि निघायच्या वेळी विचारलं, "पण मास्तर, तुम्ही आले कशाला?"

लातूरची पायली मोजायला आडत दुकानदार शंकरप्पा मदतीला धावले. दाणे त्यांचे, पायली त्यांची, बसायला गादीही त्यांचीच; ओसरी तेवढी मार्तंडरावांची. आता मुरूड तेवढं राहिलं. पण मास्तरांची सुट्टी संपली होती.

"मुरूड माझ्याकडे सोडा," वसंतराव म्हणाले. "एका पक्षकाराकडे चाललोच आहे. जाता जाता मोजून आणतो."

आणि आणली. मुरूडचा आकडा लातूरपेक्षा बराच कमी निघाला. रेणुकादासांना क्षणभर खटकलं. पण वकिलाची उलटतपासणी कोण घेणार, आणि तीही थोरल्या साडूची? त्यांनी आकडा घेतला आणि झोकात लिहून टाकलं, 'आम्ही ही सर्व मापे समक्ष मोजली.' हा 'आम्ही' पुढे त्यांना चांगलाच महागात पडणार होता.

त्रैमासिकाकडून नियमांचा छापील कागद आला. लेख स्वतःचा असावा. तो दुसरीकडे कुठेही पाठवलेला नसावा. ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याचेच नाव लेखक म्हणून घालावे, आणि ज्याचे नाव आहे त्याने सगळ्या लेखाची जबाबदारी घ्यावी. लेखातून कोणाचा काही लाभ होणार असेल तर तसे उघड सांगावे. आणि खाली प्रत्येक लेखकाची सही. रेणुकादासांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांना भरून आलं. जगात कुठेतरी काम करणाऱ्याचंच नाव लागतं, ही बातमी मास्तरला नवीनच होती.

शेजारचे भुजंगराव कागद बघायला आले. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, आणि आता गल्लीतल्या प्रत्येक कामाची मोजणी करत.

"काय करून राहिले मास्तर? एकाच ठिकाणी पाठवता?" ते म्हणाले. "मुलीचं स्थळ एकाच घरी सांगतात का? चार ठिकाणी टाका. जो आधी होकार देईल त्याचा."

"नियमात बसत नाही, भुजंगराव."

"नियम! असले नियम लोकांना भिववायला असतात. अन् हे बघा, मी सल्ला देऊन राहिलो, तर माझं नाव विसरू नका."

रेणुकादास हसले. त्यांना तो विनोद वाटला. पण मराठवाड्यात छापील कागदावर नाव येण्याचा विषय निघाला की कोणी विनोद करत नाही.

सरकारी नोकरानं राज्याबाहेर काही छापायचं तर इजाजत लागे. निजामाविरुद्धच्या चळवळीचे दिवस, असे की 'पुणे' हा शब्द ऐकला तरी कचेरीतले लोक खुर्चीतून अर्धे उठत. अहलकारानं, म्हणजे तिथल्या कारकुनानं, अर्ज वर-खाली पाहिला.

"पायली कोणत्या पार्टीची?"

"ज्वारी मोजायची पायली, साहेब."

"ठीक. मग पायलीचा सियासतशी, राजकारणाशी, ताल्लुक नाही, असं लिहून द्या. पायली आणा. तिच्यावर काही लिहिलेलं नाही, ते पाहावं लागेल."

पायली कचेरीत गेली आणि तिथेच राहिली. तिच्यात लोक सुपारी ठेवू लागले. शेवटी हेडमास्तरांनी मध्यस्थी केली. इजाजत मिळाली, पायलीही मिळाली, आणि हेडमास्तरांनी चष्मा पुसत विचारलं, "कंधारकर, ह्या लेखाचा विचार तुम्ही शाळेच्या वेळात केला असेल?"

"मधल्या सुट्टीत थोडा..."

"मग विचार शाळेचा झाला. शेर तर शाळेचाच आहे. माझं नाव वर टाका. वर म्हणजे अगदी वर नको... पण वर."

रेणुकादासांनी तिसरा नियम दाखवला. हेडमास्तरांनी तो मन लावून वाचला आणि म्हणाले, "छान आहे. आपण पाळतोच आहोत."

एक नाव वाढलं. तेवढ्यानं काय होतं, असं म्हणत मास्तर प्रेमलाबाईंना घेऊन लातूरला गेले. सासऱ्यांना बातमी आधी सांगावी, एवढाच त्यांचा हेतू. मार्तंडरावांनी लेख हातात घेतला, बाजूला ठेवला, आणि लेखकांच्या नावांचा कागद मागून घेतला.

"हे काय? हेडमास्तरांच्या खाली एकदम तुमचं नाव?"

"मामा, लेख मी लिहिला आहे."

"लिहिला असेल. मुलाचं लग्न मुलगाच लावतो, म्हणून पत्रिकेत त्याचं नाव निमंत्रक म्हणून वर घालतात का? वडीलधाऱ्यांना ओलांडून जावई वर गेला तर लातुरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. पेन्सिल आणा."

आणि मार्तंडरावांनी आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. दहा-बारा लग्नांच्या पत्रिका त्यांच्या हातून गेल्या होत्या. कोणाचं नाव कुठे, कोण कोणाच्या खाली लागलं तर मांडव सोडून जाईल, हे त्यांना झोपेतही ठाऊक. हेडमास्तर, कारण ते सरकार. मग ते स्वतः, कारण ज्वारी मोजली ती त्यांच्या ओसरीवर. मग वसंतराव, कारण मुरूड. मग शंकरप्पा. मग भुजंगराव, कारण प्रेमलाला शेजारी राहायचं आहे. सगळ्यांच्या मध्यावर, दोन फुलांच्या मधोमध, 'कै. दादासाहेब', म्हणजे मार्तंडरावांचे वडील, कारण त्यांच्या आशीर्वादाशिवाय ह्या घरातून काही छापून गेलेलं नव्हतं. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, रेणुकादास.

प्रेमलाबाईंनी कागद पाहिला. "अहो, तुम्ही तर व्यवस्थापकांत गेलात! आता पंगतीचं बघा."

"तू तरी बोल ना वडिलांना."

"मी? माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझंच नाव चि. सौ. कां. करून एका कोपऱ्यात घातलं होतं त्यांनी. तुम्हाला निदान आख्खं नाव मिळालंय."

सह्या घ्यायला ते शंकरप्पांकडे गेले. लाभाचा नियम दाखवताना मास्तरांना जरा अवघडल्यासारखं झालं. लातूर आणि मुरूड हे दोन्ही बाजार एकमेकांचं गिऱ्हाईक ओढायला टपलेले, आणि लेखात लातूरची पायली मोठी, मुरूडची लहान.

"शंकरप्पा, ह्यात तुमचा काही लाभ नाही ना? तसं लिहून द्यायचंय."

"माझा? न्हाई बा. लाभ हाय तो लातूरचा." शंकरप्पांनी ठसठशीत सही केली. "मास्तर, दाणा माझा, पायली माझी, गादी माझी. तुमचं काय हाय यात? शाई. पण ऱ्हाऊ द्या तुमचंबी नाव, आपलं काय म्हणणं न्हाई."

हे ऐकून घेऊन रेणुकादास हसले. का हसले ते त्यांनाही कळलं नाही. कानशिलं तापली होती एवढं खरं.

पाकीट निजाम सरकारचं तिकीट लावून टपालात टाकलं, आणि ते आठ-पंधरा दिवसांनी हैदराबादेकडचे शिक्के खाऊन परत घरी आलं. सरकारी तिकीट सरकारच्या हद्दीतच चालतं; पुण्याला जायचं तर इंग्रजी टपालात जाऊन इंग्रजी तिकीट लावायचं, हे भुजंगरावांना माहीत होतं. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल," ते म्हणाले. एरवी हा माणूस न विचारता सल्ला देई. पाकीट पुन्हा गेलं आणि संपादकांचं उत्तर आलं: 'लेख स्वीकारार्ह आहे. मात्र कै. दादासाहेब यांची सही दिसत नाही. मिळू शकल्यास पाठवावी. न मिळाल्यास नाव वगळावे लागेल.'

दादासाहेब वगळले गेले. मार्तंडराव दोन दिवस जेवले नाहीत असं ते सगळ्यांना जेवताना सांगत होते.

अंक दीड महिना रखडून दिवाळीच्या तोंडावर आला. रेणुकादासांनी तो टपालवाल्याच्या हातातूनच ओढून घेतला. लेख होता! अक्षर न् अक्षर त्यांचं, पायल्यांचं कोष्टकसुद्धा त्यांनी आखलेलं. वर लेखकांची नावं होती. लेखक तीनपेक्षा जास्त झाले की पहिले तिघेच छापायची त्रैमासिकाची रीत होती. हेडमास्तर, मार्तंडराव, वसंतराव. पुढे दोन शब्द: 'व इतर'.

मास्तर उंबऱ्यातच बसले. प्रेमलाबाईंनी अंक घेतला, पाहिला, आणि पालथा घालून ठेवला. त्यांनाही वाईट वाटलं होतं. नवऱ्याला त्या वाटेल ते बोलत, पण त्याला दुसऱ्यांनी 'इतर' म्हणावं हे त्यांना चालत नव्हतं.

दिवाळीला ओसरी गच्च भरली. अंक सगळ्यांच्या हातून फिरत होता. "हा आमचा लेख," मार्तंडराव सांगत होते. "पायलीचा विषय तसा अवघड. पण म्हटलं, कोणीतरी लिहायला पाहिजे." मग हात वळला. "हे थोरले जावई, वकील आणि लेखक. आणि हे धाकटे. नांदेडला असतात."

रेणुकादासांनी करंजी खाली ठेवली.

पाडव्याला सकाळी ओसरीपुढे बैलगाडी थांबली. मुरूडचे आडते रेवणसिद्धप्पा खाली उतरले. त्यांच्या काखेत पायली होती, मागून पोतं आलं, आणि पोत्यामागून मुरूडचे चार-पाच दुकानदार. शंकरप्पांनी तो लेख बाजारात मोठ्यानं वाचून दाखवला होता. नुसता वाचला नाही, तर दुकानाच्या खांबाला खिळ्यानं ठोकला होता, आणि मुरूडचं गिऱ्हाईक तो वाचून लातुरात थांबू लागलं होतं.

"पेशकारसाहेब, मुरूडची पायली ल्हान म्हणता?" रेवणसिद्धप्पा म्हणाले. "आमी काय चोर हाव? घ्या, मोजा. सगळ्यांम्होरं मोजा."

शाळेचा शेर रेणुकादासांच्या पिशवीतच होता. पायली शिगोशीग भरली. दाणे घरंगळून ओसरीभर झाले. शेरानं मोजलं, तर मुरूडची पायली लातूरच्यापेक्षा मूठभर जास्तच भरली. पुन्हा मोजली. पुन्हा तेच.

सगळे वसंतरावांकडे बघू लागले.

"तुम्ही शीग लावून भरली होती ना?" रेणुकादासांनी विचारलं.

"त्याचं काय झालं," वसंतराव खाकरले, "पक्षकाराच्या घोड्याला हरभरा घालायची पायली होती, तीच घेतली. भरायला घेतली तर वरचे दाणे माझ्या कोटावर पडायला लागले. नवा कोट. म्हणून वरून जरा हात फिरवला."

म्हणजे सगळ्या मराठवाड्याची पायली शिगेसकट मोजली गेली, आणि मुरूडची तेवढी वकिलाच्या कोटासाठी सपाट झाली. 'आम्ही ही सर्व मापे समक्ष मोजली!'

"आता पुण्याला तक्रार घालतो," रेवणसिद्धप्पा म्हणाले. "ज्यांच्या ज्यांच्या सह्या हायेत, त्या सगळ्यांस्नी जबाब द्यावा लागंल. तुमच्या कागदातच तसं लिवलंय म्हणं."

जबाब शब्द निघाला आणि ओसरीवरची हवाच बदलली. लग्नात जेवणं उरकली की भांडी घासायच्या वेळी वऱ्हाड जसं पांगतं, तसे लेखक पांगले. मार्तंडराव म्हणाले, आपण नुसती ओसरी दिली होती, आणि तीही झाडून परत घेतली. शंकरप्पांनी मधल्यामध्ये तो अंक खांबावरून काढला आणि म्हणाले, "सही? मला वाटलं पोतं पोचल्याची पावती हाय." हेडमास्तरांनी नांदेडहून त्रैमासिकाला कळवलं की, कामाच्या गर्दीत कंधारकर यांनी समोर ठेवलेल्या कागदावर सही झाली, लेख अद्याप वाचनात आलेला नाही. भुजंगरावांनी लिहिलं, मी चार ठिकाणी पाठवा म्हणालो होतो, ऐकलं नाही, सबब माझा संबंध नाही. वसंतराव वकीलच, त्यांनी पक्षकाराच्या घोड्यावरच दोष टाकला. प्रत्येकानं सहीनिशी लिहून दिलं, लेख सर्वस्वी रेणुकादास कंधारकर यांचा आहे.

संपादकांनी ते सगळे कागद एका पाकिटात घालून मास्तरांकडे पाठवले. सोबत दोन ओळी: 'आपल्या लेखाला आता एकच लेखक उरला आहे. अभिनंदन. पुढे काय करायचे ते कळवावे.'

"आता?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"आता मुरूडला जातो."

"वसंतरावांनी माती खाल्ली, अन् जायचं तुम्ही?"

"मोजली नाही ती मी. अन् मोजली असं लिहिलं तेही मीच. ते काही वसंतरावांच्या कोटावर ढकलता येत नाही."

मास्तर मुरूडला गेले. दुकानादुकानांतून बसले, पायल्या भरल्या, मोजल्या. पहिल्या दुकानात त्यांना कोणी पाणी विचारलं नाही. शेवटच्या दुकानात जेवायलाच बसवलं. मग त्यांनी लिहिलं: मुरूडचे माप मी स्वतः मोजले नव्हते, तरी मोजले असे लिहिले. मुरूडची पायली पूर्ण भरते, लातूरपेक्षा काकणभर जास्तच. चूक माझी आहे. मुरूडकरांची क्षमा मागतो. पाकिटाला या खेपेला इंग्रजी तिकीट लावलं.

पुढचा अंक मात्र वेळेवर निघाला, आणि त्यात ते पहिल्याच पानावर आलं, चौकटीत. वर ठळक अक्षरात नाव: रेणुकादास कंधारकर. आगे ना पीछे कोणी.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शंकरप्पांच्या मळ्यात सगळे आंबील प्यायला जमले. मार्तंडराव होते, वसंतराव होते. सुट्टी काढून रेणुकादास आणि प्रेमलाबाई आले होते, आणि उंडे-भज्जीच्या जेवणाच्या आशेनं त्यांच्याबरोबर भुजंगरावही आले होते. रेवणसिद्धप्पासुद्धा होते, कारण ते निघाले शंकरप्पांचे लांबचे सोयरे, आणि आडत्यांचं भांडण सोयरिकीपुढे फार टिकत नाही. मार्तंडरावांनी सवयीप्रमाणे पाहुण्यांना ओळख करून द्यायला सुरुवात केली. "हे थोरले, वकील. आणि हे धाकटे, नांदेडला..."

"अवो पेशकारसाहेब, वळख कशाला करून द्यायची!" रेवणसिद्धप्पा मध्येच म्हणाले. "कंधारकर लेखक न्हवं का हे? आमच्या मुरुडात दुकानादुकानात फ्रेम करून लावलंय यांचं. पोरं पाठ म्हणून ऱ्हायलीत. येत्या बाजाराला सत्कार हाय यांचा, शाल अन् नारळ. मिरवणूक काढणार हाव."

मार्तंडरावांच्या हातातला आंबिलीचा गडगा तिथंच थांबला. मग त्यांनी घसा साफ केला.

"मिरवणूक का? असं, असं. तसा तो माफीचा मजकूर... म्हणजे मूळ ज्वारी आमच्याच ओसरीवर मोजलेली. माफीसुद्धा घराण्याचीच म्हणायची."

"पायली माझी व्हती," शंकरप्पा म्हणाले.

"चूक तर माझ्याच हातून झाली," वसंतराव म्हणाले, आणि हे ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "माझ्या हाताशिवाय माफी आली असती का?"

"सल्ला कोणाचा होता, ते बी लक्षात ठेवा," भुजंगराव म्हणाले.

"रेणुकादासराव, पुढच्या अंकात एक दुरुस्ती टाकता येईल," मार्तंडराव म्हणाले. "आमची नावं राहून गेली, असं लिहा. आणा पेन्सिल. सत्काराला आपण सगळेच जाऊ."

रेणुकादासांनी भज्जीचा घास सावकाश खाल्ला. हात धुतला, पुसला. मग कोटाच्या खिशातून ते पाकीट काढलं. पुण्याहून आल्यापासून त्यांनी ते खिशातून बाहेर ठेवलं नव्हतं.

"आनंदानं टाकलं असतं, मामा," ते म्हणाले. "पण चूक माझी एकट्याची आहे. तसं तुम्ही सगळ्यांनीच लिहून दिलंय, सहीनिशी."